फोटोचं 'पेंटिंग' कसं होतं? फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जलरंग आणि तैलरंगाचा परिणाम साधण्याची गोष्ट

जुलै महिना. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, की भोर तालुक्यातलं वरवे बुद्रुक लागतं. महामार्गावर ट्रकची रांग असते आणि रस्ता सोडून आत वळलं की भाताची खाचरं. चिखलणी झालेली, पाण्यानं भरलेली, त्यात उलटं पडलेलं आभाळ. पश्चिमेला ढगात अर्धे बुडालेले राजगड-तोरण्याकडचे डोंगर. खिशातून मोबाइल निघतो, फोटो निघतो आणि घरी येऊन पाहिलं की काहीतरी हुकलेलं असतं. डोळ्यांना जे चित्रासारखं दिसलं होतं, ते स्क्रीनवर नुसतं 'हिरवं' दिसतं.

मग कुठल्यातरी ॲपमधला 'पेंटिंग' फिल्टर लावला जातो. दोन सेकंदांत बांधावरचं गवत गांडुळांच्या वळवळीसारखं होतं, लावणी करणाऱ्या बाईचा चेहरा वितळतो आणि वर कोपऱ्यात ॲपचा वॉटरमार्क चिकटतो. स्टेटसला ठेवायला ठीक आहे, फ्रेम करून भिंतीवर लावायला नाही.

हेच काम नीट करता येतं आणि त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लागतं ते एवढंच, की फिल्टर आत काय करतो हे कळायला हवं आणि चित्रकार फोटोपेक्षा वेगळं काय करतो हेही.

ही हौस नवी नाही

स्वस्तात 'ऑइल पेंटिंग' घरी आणण्याचा उद्योग पुणे जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे छापल्या जाणाऱ्या चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छपाई आणि शेवटी वॉर्निशचा हात, म्हणजे छापील कागदाला तैलचित्राची चकाकी येई. मूळ तैलचित्र राजवाड्यात, त्याचा 'इफेक्ट' मात्र देवघरात. आजचे फिल्टर ज्या गरजेतून आले, तीच ही गरज.

फोटो स्टुडिओवाल्यांनी दुसरी वाट काढली. कृष्णधवल फोटोवर पारदर्शक रंग हातानं चढवायचे. गालावर किंचित गुलाबी, शालूला जांभळा, दागिन्यांना पिवळा. जुन्या घरांमध्ये आजी-आजोबांचे असे फोटो अजून भिंतीवर दिसतात. रंगवणारा सगळा फोटो सारखा रंगवत नसे. चेहरा, दागिने, साडीचा काठ यांवर वेळ घालवी आणि मागचा पडदा एका हातात उरकी. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली पुन्हा कामाला येणार आहे.

संगणकाकडून हे करून घेण्याची सुरुवात १९९० च्या आसपासची. त्या वर्षी पॉल हेबर्ली या संशोधकानं 'पेंट बाय नंबर्स' नावाचा निबंध मांडला. फोटोतल्या एका ठिकाणचा रंग उचलायचा आणि तिथे त्याच रंगाचा ब्रशचा फटकारा मारायचा, अशी त्यामागची सरळ कल्पना. १९९८ मध्ये ॲरन हर्ट्झमननं त्यात महत्त्वाची भर घातली: आधी मोठ्या ब्रशनं सगळा कॅनव्हास भरायचा, मग जिथे मूळ फोटोपासून फारच फरक पडतोय तिथेच लहान ब्रश वापरायचा. चित्रकार शतकानुशतकं हेच करत आले, संगणकाला ते तेव्हा शिकवलं गेलं.

फिल्टर आत नेमकं काय करतो?

'चित्रासारखा' दिसणाऱ्या बहुतेक फिल्टरांचं काम एकच: बारीक तपशील पुसायचा, पण कडा शिल्लक ठेवायच्या. साधा ब्लर दोन्ही पुसतो, म्हणून तो चित्र न वाटता धुरकट फोटो वाटतो.

यातला सगळ्यात गमतीशीर फिल्टर कुवाहारा. जपानच्या मिचियोशी कुवाहारा आणि सहकाऱ्यांनी तो १९७६ मध्ये मांडला, आणि तो चित्रांसाठी नव्हताच. हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला 'दाणा' कमी करायचा, पण हृदयाची कड हरवू द्यायची नाही, यासाठी तो होता. डॉक्टरांच्या कामाचा फिल्टर ऑइल पेंटिंगसारखा दिसतो हे नंतर लोकांच्या लक्षात आलं.

तो चालतो कसा ते खाचराच्या उदाहरणानं पाहू. समजा पाण्याचा उजेड २०० आहे आणि शेजारच्या बांधाच्या काळ्या मातीचा ६० (फोटोत शून्य म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं). बांधाला अगदी लागून असलेला पाण्याचा एक पिक्सेल घ्या. त्याच्याभोवती पाच बाय पाचचा चौकोन आखला, तर २५ पैकी १५ पिक्सेल पाण्याचे आणि १० बांधाचे येतील. साधा ब्लर सगळ्यांची सरासरी काढतो, ती येते १४४. म्हणजे ना पाणी ना माती, मधलाच करडा रंग. कड गेली.

कुवाहारा मात्र त्या चौकोनाचे एकमेकांवर थोडे चढणारे चार तुकडे करतो, प्रत्येकी तीन बाय तीन. बांधाच्या बाजूच्या दोन तुकड्यांत पाणी आणि माती मिसळलेली असते, तिथे चढउतार जास्त. पलीकडच्या दोन तुकड्यांत नुसतं पाणी, चढउतार जवळजवळ नाही. ज्या तुकड्यात चढउतार सगळ्यात कमी, त्याची सरासरी उचलायची, हा नियम. उत्तर येतं २००. पाणी पाणीच राहतं, बांध बांधच राहतो आणि पाण्यातले बारीक तरंग, गवताच्या काड्या, चिखलाचे ठिपके तेवढे नाहीसे होतात. हजारो पिक्सेलना हाच नियम लावला की सपाट, एकसंध रंगांचे तुकडे तयार होतात. आपल्या डोळ्यांना ते ब्रशचे फटकारे वाटतात.

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधला 'ऑइलिफाय' फिल्टर थोडा वेगळा विचार करतो. पिक्सेलभोवती एक वर्तुळ आखायचं, त्यातले पिक्सेल उजेडाप्रमाणे गटांत वाटायचे आणि ज्या गटाची गर्दी जास्त त्याचा रंग घ्यायचा. एका अर्थानं ग्रामसभेतलं हात वर करून मतदान. बहुमताचा रंग जिंकतो, अल्पमतातली गवताची काडी हरते.

आणि 'घिबली'वाला प्रकार?

तो पूर्ण वेगळा आहे. २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी एका चित्राची शैली न्यूरल नेटवर्कच्या मदतीनं दुसऱ्या फोटोवर चढवून दाखवली. जून २०१६ मध्ये आलेल्या प्रिझ्मा ॲपमुळे तशी किमया जगभरच्या फोनांत पोचली. पुढे मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीमधून घिबली शैलीतली चित्रं काढण्याची लाट आली, तेव्हा अर्धं सोशल मीडिया गोल डोळ्यांचं झालं होतं.

फरक असा: कुवाहारा किंवा ऑइलिफाय फोटोत आहे तेवढ्याच रंगांशी खेळतात. बांध जिथे होता तिथेच राहतो. चित्र 'निर्माण' करणारी एआय साधनं मात्र फोटो पाहून नवं चित्र रचतात. सुवेळा माचीवरचं नेढं त्यातून गायब होऊ शकतं, बालेकिल्ल्याचा आकार बदलू शकतो, आजीच्या नाकात नसलेली नथ येऊ शकते. मजेसाठी चालेल. पण गावची किंवा घरातल्या माणसाची आठवण म्हणून फोटो जपायचा असेल, तर हा फरक छोटा नाही. शिवाय अशा बहुतेक साधनांमध्ये फोटो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. लहान मुलांचे किंवा घरातले खाजगी फोटो तिथे चढवण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

खाली जी साधनं येतात ती वापरताना फोटो तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर राहतो.

खर्च किती?

शून्यही असू शकतो. गिंप आणि क्रिटा ही दोन्ही मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. विंडोज आणि लिनक्सवर चालतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही, गावाकडे रेंज नसली तरी काम थांबत नाही. गिंपला जोडता येणारा 'जीमिक' हा शेकडो फिल्टरांचा संचही मोफत आहे. फ्रान्समधल्या एका संशोधन प्रयोगशाळेतून तो आला. चित्रासारख्या परिणामासाठी गिंपच्या स्वतःच्या फिल्टरांपेक्षा तो कितीतरी सरस आहे. त्यातले 'पेंटिंग' आणि 'ब्रशिफाय' हे दोन आधी करून पाहा.

कमी ताकदीच्या संगणकासाठी फोटोपी आहे. ब्राउझरमध्ये उघडतं, फोटोशॉपसारखाच चेहरामोहरा, आणि फाइल तुमच्याच यंत्रावर उघडली जाते. विंडोजवर काहीच शिकायची तयारी नसेल तर फोटोस्केचर नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर थेट 'फोटोचं चित्र' एवढंच करतं. फोनवर गूगलचं स्नॅपसीड आहे. त्यात तयार पेंटिंग फिल्टर नाही, पण ते एका अर्थी बरंच. का ते पुढे येईल.

अर्धं काम फोटो काढतानाच

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. आजचा फोन फोटो काढतानाच तो 'सुधारतो'. सावल्या उजळतो, प्रत्येक पान धारदार करतो, हिरवा रंग भडक करतो. चित्रकार नेमकं उलटं करतो. सावल्या एकत्र बांधतो, पानं गाळतो, हिरव्यात माती मिसळतो.

निसर्गचित्र शिकवताना एक सांगणं हमखास असतं: डोळे किलकिले करून बघा. तसं पाहिलं की तपशील विरतो आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. खाचरासमोर उभं राहून तसं केलं, तर दिसतं: आभाळ आणि पाणी मिळून एक उजळ तुकडा, लांबचे डोंगर हा मधला निळसर करडा, जवळचा बांध हा गडद. ज्या दृश्यात असे तुकडे दिसतात, त्याच फोटोचं चित्र चांगलं होतं. दुपारी बाराच्या उन्हात सगळीकडे बारीक सावल्या सांडलेल्या असतात, तिथे कुठलाही फिल्टर हात टेकतो. धुकं, पावसाची झड, सकाळचा तिरपा उजेड हे सगळे चित्रकाराचे मित्र, कारण ते गाळण्याचं काम आधीच करून ठेवतात. मावळपट्ट्यातला पावसाळा या कामासाठी वरदानच आहे.

फोनमध्ये प्रो मोड असेल तर एचडीआर बंद ठेवा आणि उजेड थोडा कमी करून फोटो घ्या, म्हणजे आभाळ 'जळणार' नाही. जळालेलं पांढरं आभाळ कुठलाही फिल्टर परत आणू शकत नाही. आणि महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढू नका. गावातल्या आतल्या रस्त्यानं गेलात तर दृश्यही बरं मिळतं आणि जीवही शाबूत राहतो.

गिंपमध्ये, पायरी पायरीनं

आधी सफाई. विजेच्या तारा, प्लास्टिकची पिशवी, अर्धवट आलेला जाहिरातीचा फलक हे 'हील' टूलनं काढून टाका. फिल्टर लावल्यावर तारेची जाडजूड दोरी होते आणि फलकावरची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहत नाहीत.

मग आकार ठरवा. फिल्टरची त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजली जाते. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. त्यावर ८ पिक्सेलची त्रिज्या जेमतेम जाणवते, तीच १०८० पिक्सेलच्या इन्स्टाग्राम फोटोवर सगळं लोणी करून टाकते. एखाद्याच्या व्हिडिओत पाहिलेला आकडा आपल्या फोटोवर चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. फोटो फक्त स्क्रीनसाठी हवा असेल तर आधीच लहान करा. ए-फोर आकाराची चांगली छपाई हवी असेल तर २४८० बाय ३५०८ पिक्सेलच्या आसपास ठेवा.

आता मुख्य काम. फोटोच्या लेयरच्या दोन प्रती करा. खालच्या प्रतीवर ऑइलिफाय मोठ्या त्रिज्येनं लावा, २५०० पिक्सेलच्या फोटोला १० ते १२ पासून सुरुवात करा. वरच्या प्रतीवर तोच फिल्टर ४ किंवा ५ त्रिज्येनं. वरच्या लेयरला काळा मास्क जोडा, म्हणजे ती पूर्ण झाकली जाईल. मग मऊ कडेचा पांढरा ब्रश घेऊन जिथे नजर जावी असं वाटतं तेवढ्याच जागी तो मास्क उघडा: लावणी करणारी माणसं, त्यांचे हात, जवळच्या बांधाची एखादी कड. चेहरा असेल तर तिथे आणखी खाली जाऊन मूळ फोटोचाच थोडा अंश येऊ द्या, ३०-४० टक्के. डोळे आणि ओठ फिल्टरवर सोडले की माणूस ओळखू येत नाही.

हीच ती हर्ट्झमनची मोठा-ब्रश-लहान-ब्रशची कल्पना, आणि हाच तो स्टुडिओतल्या रंगवणाऱ्याचा न्याय: चेहऱ्याला वेळ, पडद्याला एक हात. एका क्लिकचा फिल्टर खोटा वाटतो कारण तो आभाळाला आणि आजीच्या डोळ्याला सारखंच महत्त्व देतो. कुठल्याही चित्रात असं नसतं. बाकी काही केलं नाही आणि मास्कवर वीस मिनिटं घालवली, तरी फोटोत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

क्रिटा असेल आणि हात थोडा चालत असेल, तर याच टप्प्यावर फोटो तिथे उघडून रंग पसरवणाऱ्या, म्हणजे 'स्मज' प्रकारच्या ब्रशनं स्वतः फटकारे मारता येतात. आभाळात आडवे, डोंगराला उताराच्या दिशेनं, पाण्यात उभे. फटकाऱ्यांना दिशा मिळाली की फिल्टरचा यांत्रिकपणा बराच जातो. त्याला पेन टॅब्लेट असलेलं बरं, माउसवर मनगट लवकर दुखतं.

जलरंग वेगळा, त्याचे नियम वेगळे

तैलरंगाचा परिणाम देणारे फिल्टर भरपूर आहेत, जलरंगाचे चांगले फिल्टर कमी. कारण जलरंगाचं सौंदर्य पाणी आणि कागदाच्या वागण्यात आहे. पारंपरिक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा चुकलं की झाकायला जागा नाही.

महाराष्ट्रात जलरंगाची परंपरा मोठी आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचं 'ग्लो ऑफ होप', हातात दिवा घेतलेली बाई, मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातलं आहे. सोशल मीडियावर ते सर्रास रविवर्म्याचं म्हणून फिरतं. रविवर्मा १९०६ मध्येच गेला आणि हे चित्र १९४० च्या दशकातलं, त्यामुळे ते शक्यच नाही. ज्यांना जलरंगातलं आजचं निसर्गचित्र पाहायचंय त्यांनी पुण्याच्या मिलिंद मुळीक यांची कामं पाहावीत. कुठे काम करायचं आणि कुठे हात आवरायचा, हे अशी चित्रं बघून जितकं कळतं तितकं ट्युटोरियल पाहून कळत नाही.

फोटोवर हा परिणाम आणण्यासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, सुकलेल्या रंगाची गडद कड. जलरंगाचा ओघळ सुकतो तेव्हा त्याच्या कडेला रंग जास्त साठतो. चहाच्या कपाखालचा डाग मध्ये फिका आणि कडेला गडद असतो, तेच. थेंबाच्या कडेचं पाणी आधी उडतं, ते भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि बरोबर रंगाचे कण नेतं. गिंपमध्ये याची नक्कल करायला फोटोची आणखी एक प्रत घेऊन तिच्यावर 'फोटोकॉपी' फिल्टर लावा. पांढऱ्यावर काळ्या रेषा उरतील. लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' करा आणि अपारदर्शकता १५ ते २५ टक्क्यांवर आणा. त्याहून वर गेलात तर जलरंगाचं कॉमिक्स होतं.

दुसरी, कोऱ्या कागदाची किनार. फोटोच्या वर पांढरा लेयर ठेवून त्याच्या मास्कवर खरबरीत ब्रशनं मधला भाग उघडायचा, चारी कडा वेड्यावाकड्या सोडायच्या. आभाळाचा काही भागही विरत जाऊन कागदात मिसळू द्या.

तिसरी, कागदाचा पोत. इंटरनेटवरून उतरवलेला पोत हजार लोकांनी वापरलेला असतो. त्यापेक्षा हातकागदाचा एक ताव आणा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात जलरंगाचा जाड कागद मिळतो. तो खिडकीशी असा ठेवा की उजेड एका बाजूनं तिरपा येईल आणि खडबडीतपणाच्या सावल्या दिसतील. फोनवर त्याचा फोटो घ्या. गिंपमध्ये तो सगळ्यात वर ठेवून रंग काढून टाका, 'हाय पास' फिल्टर लावा आणि मोड 'सॉफ्ट लाइट' किंवा 'ओव्हरले' करा.

हाय पास का? या दोन्ही मोडमध्ये मधला करडा रंग खालच्या चित्राला हात लावत नाही, त्याहून उजळ असेल ते चित्र उजळवतं, गडद असेल ते गडद करतं. कागद पांढरा असल्यामुळे नुसता ठेवला तर सगळा फोटो फिक्कट होतो. हाय पास कागदाला मधल्या करड्यावर आणतो आणि फक्त पोताचे उंचवटे-खळगे शिल्लक ठेवतो.

फोनवर हेच स्नॅपसीडच्या 'डबल एक्स्पोजर'मध्ये जमतं. आधी मूळ फोटोचा भडकपणा आणि अँबियन्स कमी करा, मग डबल एक्स्पोजरमध्ये कागदाचा फोटो निवडा आणि मिश्रणाचा प्रकार बदलून बघा. नंतर एडिटच्या यादीत जाऊन तो परिणाम बोटानं हव्या तेवढ्याच जागी रंगवता येतो, म्हणजे चेहऱ्यावर पोत येऊ द्यायचा नसेल तर सोडता येतो. तयार पेंटिंग फिल्टर नसल्याचा फायदा हा, की हात आवरता राहतो.

हिरव्याचं काय करायचं?

मावळातल्या पावसाळी फोटोंची ही खास अडचण. फोनचा हिरवा विजेच्या दिव्यासारखा पेटलेला असतो. 'ह्यू-सॅच्युरेशन'मध्ये फक्त हिरवा निवडून त्याची तीव्रता थोडी उतरवा आणि छटा किंचित पिवळ्याकडे ढकला. लांबचे डोंगर निळसर आणि फिके करा, कारण मधल्या हवेमुळे ते खरोखर तसे दिसतात. चित्रकार हा फरक मुद्दाम वाढवतात. रोपांचा पोपटी, वाढलेल्या भाताचा गडद, बांधावरच्या गवताचा मळका असे तीन वेगळे हिरवे दिसू लागले की काम झालं.

छापताना आणि पाठवताना

स्क्रीनवर सुंदर दिसलेला फोटो फ्लेक्सच्या दुकानात छापला की चमकतो, आणि चमक आली की चित्राचा भास मरतो. मॅट कागद किंवा कॅनव्हास छपाई करणारी फोटो लॅब शोधा. १२ बाय १८ इंचांसाठी २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात, कारण असं चित्र हातभर अंतरावरून पाहिलं जातं आणि त्यात बारीक तपशील मुळात नसतोच. याच कारणानं जुने, कमी पिक्सेलचे फोटोही या पद्धतीनं वाचवता येतात. पहिल्या पिढीतल्या कॅमेरा फोनवर काढलेला आजोबांचा एकुलता एक रंगीत फोटो मोठा छापला तर चौकटी दिसतात, पण चित्रासारखा केला की भिंतीवर शोभतो. चेहऱ्यावर मात्र हात हलका.

लॅबला फाइल व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवू नका, तिथे ती दाबली जाते आणि आभाळात पट्टे पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि लेयर असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, सहा महिन्यांनी स्वतःचंच काम भडक वाटतं असा बहुतेकांचा अनुभव.

दुसऱ्याच्या फोटोवर फिल्टर लावला तर?

तो आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती धरली जाते आणि तिच्यावरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या आयुष्यभर अधिक मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कुणीतरी जिवावर उदार होऊन काढलेला राजगडाचा फोटो उचलायचा, ऑइलिफाय मारायचा आणि 'माझं पेंटिंग' म्हणून पोस्ट करायचा किंवा छापून विकायचा, हे त्या हक्काचं उल्लंघन ठरू शकतं. चित्रकाराच्या चित्रांनाही तसंच, आयुष्यभर अधिक मृत्यूनंतर ६० वर्षं असं संरक्षण आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा, उदाहरणार्थ लग्नाच्या फोटोंचा, पहिला हक्क मात्र वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याचा असतो. त्यामुळे स्वतःच्या लग्नाच्या अल्बमवर हवे तेवढे प्रयोग करता येतील, फोटोग्राफरशी लेखी काही ठरलंय का ते एकदा पाहून.

पोस्ट करताना 'डिजिटल पेंटिंग' असं लिहिण्याची पद्धत आहे. फिल्टर आणि मास्कनं केलेल्या कामाला 'फोटोवर आधारित' असं लिहिणारेही आहेत आणि तेच जास्त खरं आहे. कोरा कॅनव्हास घेऊन क्रिटात चार दिवस रंगवणाऱ्याला त्यातला फरक लगेच कळतो, आणि कमेंटमध्ये तो बोलूनही दाखवतो.